आजचा वार हिरवा

आजारी पडणं हे कुणाचं पोटापाण्याचं काम असू शकतं, यावर आजाररावांच्या शेजाऱ्यांचा सुरुवातीला विश्वासच बसला नव्हता. चांगला धडधाकट माणूस. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालणार, केस विंचरणार, डबा घेऊन बाहेर पडणार आणि कुणी विचारलं की सांगणार, "आज पोटात दुखायचंय." नाहीतर, "आज छातीत कळ आहे, पण दुपारपर्यंतच." गल्लीने त्यांचं खरं नाव केव्हाच बाजूला ठेवलं आणि हे नवं नाव चिकटवलं. त्यांनाही ते आवडलं. ज्यांचं मूळ नाव कुणी फारसं विचारलेलं नसतं, त्यांना मिळालेलं नाव गोड लागतं.

त्याआधी आजारराव पडद्यांच्या दुकानात होते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापडाचे नमुने दाखवायचे, घरातल्या दोघांचं एकमत होईपर्यंत तिष्ठत उभं राहायचं. तरुणपणी हौशी नाटकांतही कामं केली होती. कामं म्हणजे काय, एक तर निरोप घेऊन यायचं, नाहीतर मरून पडायचं. एका नाटकात तर पडदा वर जायच्या आधीच ते मेलेले होते आणि शेवटपर्यंत कोपऱ्यात चादर पांघरून पडून राहिले. नाटक आपटलं, पण मुडदा छान वठला असं लोक म्हणाले. पुढे दुकान बंद पडलं आणि कुणीतरी सुचवलं की मेडिकल कॉलेजात खोटे पेशंट लागतात, जाऊन तर बघ.

लागतात ते खरंच. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांची परीक्षा घ्यायची तर पेशंट हवा, आणि खऱ्या आजारी माणसाची मान दिवसभरात किती जणांनी वाकवायची? म्हणून धडधाकट माणसांना आजार शिकवतात. हातात कागद देतात. तुम्हाला काय होतंय, कधीपासून, डॉक्टरांनी अमुक विचारलं तर काय सांगायचं, तमुक ठिकाणी दाबलं तर किती कळवळायचं, सगळं त्यात असतं. हे खातं सांभाळणाऱ्या मोठ्या मॅडम स्वतः मेंदूच्या डॉक्टर. बाई बोलायला मऊ आणि नजरेला कडक. त्यांचा एक नियम होता. खोटा पेशंट परीक्षेच्या मधेच खरोखर आजारी पडला, तर त्याने नुसतं "थांबूया" म्हणायचं. तो शब्द ऐकला की खोलीतलं नाटक जागच्या जागी संपायचं. आजाररावांना तो शब्द वापरायची वेळ कधी आली नव्हती.

घरी असा काही नियम नव्हता. घरात असले नियम कोण करतं?

घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. लेक लग्न होऊन लांब गेलेली. बायको एका लाँड्रीच्या काउंटरवर होती आणि तिथली मालकीण म्हटली तरी चालेल असा तिचा रुबाब होता. कारण एकच, तिचं डोकं. कपड्याला चिठ्ठी लावायची गरज तिला कधी पडली नाही. ढिगातून पांढरा शर्ट उचलायची आणि म्हणायची, हा वकिलांचा, कॉलर घासलेली आहे. हा त्यांच्या जावयाचा, तो पेन खिशात उलटं ठेवतो. लोक पावती हरवून यायचे आणि हसत परत जायचे. आजारराव चष्मा कुठे ठेवला हेसुद्धा तिलाच विचारायचे, आणि ती लाँड्रीतून फोनवर सांगायची, "न्हाणीघराच्या खिडकीत बघा."

तालीम मात्र दोघांची मिळून चालायची. जेवणं झाली की ती कागद घेऊन डॉक्टर व्हायची. बॅटरी घेऊन डोळ्यांत उजेड मारायची, लाकडी चमच्याने गुडघ्यावर ठोकायची, "जीभ काढा बघू" म्हणायची. आणि चुकलं की बिनपाण्याने करायची.

"अहो, तुम्ही दुखण्याचं नाटक करता. दुखणारा माणूस असा नसतो. त्याला दुखत असतं आणि तो दुखत नसल्याचं नाटक करतो."

"मग तूच करून दाखव."

ती करून दाखवायची. आणि इथेच खरी मेख होती. बाई नवऱ्यापेक्षा किती तरी सरस होती. दम लागलेली म्हातारी असो, तोंड वाकडं झालेला मुनीम असो, ती दोन क्षणांत तो माणूस व्हायची. आजारराव हसून लोळायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिचंच सगळं उचलून कॉलेजात खपवायचे. तिला विचारायचेही नाहीत. नवरा-बायकोत कसली चोरी, असं त्यांचं म्हणणं.

त्या वर्षी शेवटच्या परीक्षेला त्यांच्या वाट्याला मेंदूज्वर आला. म्हणजे मेंदूलाच सूज. कागद वाचूनच आजारराव खूश झाले, इतकं मोठं काम त्यांना आजवर मिळालं नव्हतं. आधी डोकेदुखी, मग ताप, मग माणूस भलतंच वागायला लागतो. आपल्याच माणसांना ओळखत नाही, वस्तूंची नावं चुकवतो, वार सांगता येत नाही. डॉक्टरने डोक्याखाली हात घालून मान उचलली तर मान वाकत नाही, सगळी पाठच वर येते. पाय गुडघ्यात दुमडून सरळ करायला गेलं की पाठीतून कळ जाते. हात पुढे धरून डोळे मिटायला लावले तर एक हात आपोआप खाली खाली येतो. एवढं सगळं करता येण्यासारखं होतं. एकच गोष्ट कुणालाच करता येत नाही. तळपायावरून टोकदार काहीतरी ओढलं तर तुमच्या-माझ्या पायाची बोटं खाली वळतात. मेंदूला सूज आली असेल तर अंगठा वर उचलला जाऊ शकतो, सावकाश, आपल्या मनाने. तो आणता येत नाही. परीक्षेत तिथे मॅडम नुसतं सांगायच्या, "अंगठा वर गेला असं समजा."

आजाररावांनी तरी हट्टाने प्रयत्न केले. बायको चमच्याच्या दांड्याने तळपाय खरवडायची आणि त्यांना अशा काही गुदगुल्या व्हायच्या की पलंग हलायचा.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती लाँड्रीतून आली ती डोकं धरूनच. "डोकं जरा जड झालंय. काही नाही, वाफेमुळे असेल," म्हणाली, आणि न जेवता पडली.

आजारराव कागद पाठ करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बरोबर आहे. आधी डोकेदुखीच आहे. ताप त्याच्यानंतर."

ती भिंतीकडे तोंड करून वळली. त्यांना वाटलं, मनात हसली असेल.

सकाळी ते आंघोळ करून स्वयंपाकघरात आले तर ती ओट्याशी उभी होती. साखरेच्या डब्यात तिने तांब्याभर पाणी ओतलं होतं आणि ते ती चमच्याने ढवळत होती, अगदी मन लावून.

"हे काय चाललंय?"

"जळतंय काहीतरी," ती म्हणाली. "वास येत नाही का तुम्हाला? रबर जळाल्याचा?"

गॅस तर बंद होता. आजाररावांनी नाक वर करून हवा हुंगली आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. आज परीक्षा ना. बाईसाहेबांनी सकाळी सकाळीच प्रयोग लावलेला दिसतोय. त्यांनी खुर्ची ओढली, तिला तीत बसवलं, घसा साफ केला आणि मोठ्या मॅडमसारखा आवाज काढला.

"बाई, आज वार कोणता?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. जरा वेळ विचार केला. मग म्हणाली, "हिरवा."

आजारराव इतके हसले की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. हिरवा! कागदात लिहिलं होतं 'वार चुकीचा सांगावा'. सगळे खोटे पेशंट सोमवारच्या जागी बुधवार सांगायचे. हिरवा हे कुणाच्या बापाला सुचलं नसतं.

"दादा निघाला का?" तिने विचारलं. "त्याचा डबा राहिला."

तिचा दादा जाऊन कित्येक वर्षं झाली होती. आजारराव क्षणभर, खरोखर क्षणभरच, थबकले. मेलेल्या भावाला खेळात ओढणं जरा अतीच झालं, असं त्यांना वाटलं. पण ती अशीच होती, रंगात आली की थांबायची नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या, "वा! मानलं तुला," म्हणाले, आणि घड्याळ बघून डबा न घेताच निघाले. ती रोज दारापर्यंत यायची. आज आली नाही. एका पायात चप्पल घालून खुर्चीतच बसून राहिली. त्यांना तेसुद्धा आवडलं.

तिच्या कपाळाला त्यांनी हात लावला नाही. पुढे आयुष्यभर टोचत राहायची ती गोष्ट एवढीच. हात तिथे होता, कपाळ तिथे होतं, आणि मध्ये वीतभर अंतर होतं.

परीक्षा झकास झाली. एकामागून एक मुलं येत होती, घाम पुसत, खिशातली हातोडी चाचपडत. आजारराव पलंगावर पडून साखरेच्या डब्यात पाणी ओतल्याचं सांगत होते. मधेच उठून म्हणत होते, "काहीतरी जळतंय." वार विचारला की जरा थांबून, थेट तिच्यासारखं बघून म्हणत होते, "हिरवा." एका मुलीच्या हातातली बॅटरीच पडली. मान उचलली की त्यांची पाठ फळीसारखी वर येत होती. इतकं चांगलं काम आपण कधी केलं नव्हतं, हे त्यांना पलंगावर पडल्या पडल्या कळत होतं.

मधल्या सुट्टीत मॅडम स्वतः चहाचा कप घेऊन त्यांच्याकडे आल्या.

"काय हो, तुम्ही तर आज कमालच केलीत. ते हिरवा कुठून आणलंत? कागदात नव्हतं. आणि जळल्याचा वास? तोही नव्हता. पण या आजारात काही जणांना येतो तसा वास. वाचलंत का कुठे?"

"छे हो, मी कशाला वाचतोय," आजारराव फुलून म्हणाले. "हे सगळं बायकोचं. माझ्याहून मोठी कलावंत आहे ती. सकाळी उठून बघतो तर काय, साखरेत पाणी ओततेय. म्हणते जळतंय. वार विचारला तर म्हणे हिरवा. आणि मेलेल्या भावाला डबा द्यायचा होता तिला. काल संध्याकाळपासूनच चालू आहे तिचं, डोकं दुखतंय म्हणून जेवलीसुद्धा—"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू आधी थांबलं. आजाररावांचं बोलणं त्यानंतर थांबलं. आपण काय बोलतोय ते त्यांना आपल्याच तोंडून ऐकू आलं, एकामागून एक, कागदातल्या क्रमाने.

"त्यांना हा आजार असा असतो हे माहीत होतं?" मॅडमनी विचारलं. "वासाचं कुणी सांगितलं होतं त्यांना?"

"कागद वाचला होता तिने. वासाचं नाही कुणी सांगितलं."

"ताप होता का?"

"मी हात लावून नाही बघितलं," ते म्हणाले.

मॅडमनी कप तिथेच खाली ठेवला आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. आजारराव परीक्षेचा निळा झगा अंगात असतानाच धावले. गल्लीत गाडी शिरली तेव्हा बघणाऱ्यांना वाटलं, आज आजारराव अगदी गाडीसकट आजारी पडलेत. कुणीतरी हसून हातही केला.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. तोंडाची उजवी बाजू उडत होती, उजवा हात उडत होता, डोळे उघडे आणि कुठेच न बघणारे. अंग तव्यासारखं तापलं होतं. आता त्यांनी हात लावला, कपाळाला, गालाला, पुन्हा कपाळाला. आता लावून काय उपयोग!

हॉस्पिटलात तिला तपासायला आली ती एक चष्मेवाली तरुण डॉक्टर. मागच्याच वर्षी ती आजाररावांवर परीक्षा पास झाली होती. तेव्हा ते पित्ताशयाचे खडे होते. तिने त्यांना ओळखलं, मान हलवली. कामाला लागली. झटके औषधाने थांबले होते. तिने उशी काढली, डोक्याखाली हात घातला आणि मान उचलली. मान वाकली नाही. सगळी पाठ वर आली. पाय दुमडून सरळ करायला घेतला तशी बेशुद्धीतही ती कण्हली. पापण्या उचलून बॅटरी मारली. मग चष्मेवालीने खिशातली हातोडी काढली, तिचं टोकदार टोक तळपायाला लावलं आणि टाचेपासून वर ओढलं.

अंगठा वर उचलला गेला. सावकाश, आपल्या मनाने.

पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आजाररावांनी तो पाहिला. त्यांना हुंदका आला आणि त्याबरोबर लाजही आली, कारण मनाच्या एका कोपऱ्यात त्यांना वाटून गेलं होतं, असा दिसतो होय! जन्मभराची सवय अशा वेळीही सुटत नाही. स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावी असं त्यांना वाटलं.

पाठीत सुई घालून पाणी काढलं, डोक्याचे फोटो काढले, सलाइनमधून औषध सुरू झालं. लेक धावत आली. मॅडम रोज सकाळी फेरी मारायच्या आणि आजाररावांच्या खांद्यावर हात ठेवून पुढे जायच्या. एकदा लेकीने त्यांना गाठून विचारलं, "आई वाचेल ना?"

"वाचतील. वडिलांनी लक्षणं ओळखली म्हणून आपल्याला औषध लवकर सुरू करता आलं," मॅडम म्हणाल्या. दया म्हणूनच म्हणाल्या असतील.

लेक बापाच्या गळ्यात पडून रडली. "बाबा, तुम्ही होतात म्हणून. दुसरं कुणी असतं तर कळलंसुद्धा नसतं." मग ही गोष्ट सगळीकडे झाली. लाँड्रीत झाली, गल्लीत झाली. खोटे आजार करून करून या माणसाला खरा आजार कसा झटकन ओळखता आला, हे लोक एकमेकांना सांगू लागले. भाजीवाल्याने हात जोडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं आजाररावांचं झालं. कुणी कौतुकाने बघितलं तरी त्यांना वाटायचं, याला कळलंय. आणि कुणालाच कळलेलं नव्हतं, हे तर त्याहून वाईट होतं.

त्यांनी एकदाच मॅडमना विचारलं, "सकाळीच आणली असती तर?"

मॅडम खोटं बोलल्या नाहीत. "झटका यायच्या आधी औषध सुरू झालं असतं तर कदाचित कमी नुकसान झालं असतं. कदाचित हेच झालं असतं. खात्रीने मला सांगता येणार नाही."

ती वाचली. घरी आली. चालत होती, जेवत होती, हसत होती, नवऱ्याला 'अहो' म्हणत होती. जुनं सगळं तिला लख्ख आठवत होतं. वकिलांची कॉलर, जावयाचं उलटं पेन, दादा गेल्याचा दिवससुद्धा. पण नवीन काही टिकत नव्हतं. सकाळी लेकीशी बोललेली असायची आणि दुपारी म्हणायची, पोरीचा फोन नाही आला बऱ्याच दिवसांत. लाँड्रीत एकदा जाऊन आली. कपडा हातात घ्यायची, मालक ओळखायची, आणि तो कपडा कुठे ठेवला ते वळेपर्यंत विसरायची. लाँड्रीच्या मालकाने प्रेमाने सांगितलं, ताई, आता आराम करा. तिला वाईट वाटलं. संध्याकाळी ते वाईट वाटणंही ती विसरली होती. आजारराव मात्र विसरले नाहीत.

कॉलेजचं काम त्यांनी सोडलं. घरात राहून ते तिला सांभाळायला शिकले. गॅस बंद केला का बघायचं, डब्यांवर नावं चिकटवायची, औषध दिलं की दिलं म्हणून सांगायचं. आणि रोज सकाळी, चहाचा कप हातात घेऊन, केसांतून हात फिरवत ती एकच प्रश्न विचारायची.

"अहो, मला नक्की काय झालं होतं हो?"

पहिल्या दिवशी आजारराव म्हणाले, "ताप आला. मेंदूपर्यंत गेला. माझ्या लक्षात आल्याबरोबर तुला नेलं."

तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही होतात म्हणून वाचले."

एकदा सांगितलेलं खोटं माणूस कसंबसं पचवतो. पण इथे ते रोज ताजं करून सांगावं लागत होतं, चहासारखं. आणि रोज तिचा हात त्यांच्या हातावर येत होता, पहिल्यांदाच यावा तसा. शेजारीपाजारी कौतुक करून केव्हाच आपापल्या कामाला लागले होते. ही एकटी अशी होती की जिचे आभार शिळे होत नव्हते. आजाररावांना सकाळ नकोशी झाली. एकदा त्यांनी मुद्दाम उशिरा चहा केला, तर प्रश्नही उशिरा आला, इतकंच.

मग तपासणीची तारीख आली. खोलीत चष्मेवाली होती आणि तिच्याभोवती शिकणारी मुलं, हातात वह्या घेऊन. "यांनी तुम्हाला तपासलं तर चालेल ना?" तिने विचारलं, आणि बायको खुशीत "चालेल की" म्हणाली. हात पुढे धरून डोळे मिटले, उजवा हात किंचित खाली आला. बोट नाकाला लावलं. गुडघ्यावर हातोडी पडली. तीन शब्द लक्षात ठेवायला दिले, ते थोड्या वेळाने विचारले तर ती म्हणाली, "कुठले शब्द?" आणि मुलांकडे बघून ओशाळी हसली. खोटा पेशंट असं हसू शकला नसता. आजारराव कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून सगळं बघत होते.

चष्मेवाली त्यांच्याकडे वळली. "काका, सुरुवात नेमकी कशी झाली ते जरा मुलांना सांगाल?"

रोजचं उत्तर ओठांवर तयार होतं. बायको त्यांच्याकडे बघत होती, आपला नवरा आता आपल्याला कसं वाचवलं ते सांगणार म्हणून जराशी अभिमानाने. आजाररावांनी तोंड उघडलं आणि त्यांच्याच्याने ते म्हणवलं नाही.

"आदल्या संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाली," ते म्हणाले. "मी थट्टा केली. सकाळी साखरेत पाणी ओतलं. जळका वास येतोय म्हणाली. मेलेला भाऊ निघाला का म्हणून विचारलं. मी वार विचारला तर हिरवा म्हणाली. मला वाटलं माझी तालीम घेतेय. मी हसलो. टाळ्या वाजवल्या. आणि तिला तशीच सोडून इथे येऊन, मुलांनो, तिचंच सोंग केलं मी. शाबासकीसुद्धा घेतली. ताप आहे का म्हणून हात लावून बघितलं नाही."

वह्यांवरची पेनं थांबली होती. बायको त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली. मग ती हसली.

"हिरवा म्हटलं मी? अगंबाई!" आणि उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. "अहो, आपलं रोजचंच होतं ते. तुम्हाला तरी कसं कळणार? मीच असते तर मीही हसले असते. रडू नका बघू. मुलं बघतायत."

घरी परतताना आजाररावांनी तिचा हात सोडला नाही. गेले कित्येक महिने छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचललं होतं. त्या रात्री ते मेल्यासारखे झोपले.

सकाळी त्यांनी चहा केला, शीळ घालत केला. कप तिच्या हातात दिला. ती खिडकीतून बाहेर बघत होती, केसांतून हात फिरवत होती.

"अहो, मला नक्की काय झालं होतं हो?"

शीळ थांबली. काल तिने माफ केलं होतं, ते तिच्यापाशी आता नव्हतं. आजारराव तिच्यासमोर बसले. पुन्हा सांगायची काय गरज, एकदा माफ केलं ते केलं, असं एक मन म्हणालं. ते मन फार शहाणं होतं, आणि त्या शहाणपणानेच आपला घात केला होता हे त्यांना ठाऊक होतं. हिला काल ठाऊक होतं ते आज ठाऊक नसावं आणि आपल्याला असावं, हे काही खरं नव्हे.

त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं. काल मुलांसमोर सांगितलं तसंच, काही न गाळता.

ती आज हसली नाही. कप तिने इतक्या जोरात खाली ठेवला की चहा टेबलावर सांडला.

"मी तापाने फणफणले होते आणि तुम्ही टाळ्या वाजवत होता?"

"हो."

"दादा निघाला का विचारलं मी, आणि तरी तुम्हाला खरं वाटलं नाही?"

"नाही वाटलं."

"जा इथून. मला आज तुमच्याशी बोलायचं नाही. तोंड दाखवू नका मला."

आजारराव उठले. बाहेरच्या खोलीत जाऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं, नाक ओढल्याचं ऐकू येत होतं. कालच्या माफीपेक्षा हे त्यांना जास्त आपलं वाटलं. हे मिळायलाच हवं होतं. तिने खूप रागवावं, संध्याकाळपर्यंत अबोला धरावा, जेवायला वाढू नये, लेकीला फोन करून सांगावं असं त्यांना वाटत होतं. ते हात जोडून बसल्यासारखे बसून राहिले.

आतलं रडणं हळूहळू कमी झालं. मग थांबलं. भांडं हलल्याचा आवाज आला.

"अहो," आतून तिचा आवाज आला, रोजच्यासारखा, मायेचा. "कुठे आहात? या ना. हा चहा बघा कुणी सांडला इथे."

आजारराव फडकं घेऊन आत गेले.